लूट तिचं गाव

त्या खेळात दुसऱ्याचं गाव लुटता येत असे. सरळ, दिवसाढवळ्या, समोरची बघत असताना. आणि लुटून झालं की तिच्या डोक्यावर गाढवाचे कान बसवता येत, ते कान घेऊन तिला पुढच्या बऱ्याच फेऱ्यांत हिंडावं लागे. आम्ही तिघी बायका रोह्याजवळ वरसेला एका घराच्या माडीवर बसून भर दुपारी हा उद्योग करायचो, आणि त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

लग्न होऊन मी पेणहून इकडे आले तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. घर भाड्याचं. खाली पुढच्या बाजूला घरमालक आणि मालकीणकाकू, त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत माझ्याच वयाची एक, वर आम्ही, आणि आमच्या शेजारच्या खोलीत प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका, एकट्याच. त्यांना सगळं घर ‘बाई’ म्हणे. मागच्या खोल्यांतलीला मी इथे ‘खालची’ म्हणते.

खालची कासूकडची, खाडीच्या अंगाची. आईबाप मिठागरात राबलेले आणि लग्नापर्यंत हीही राबलेली. तिच्या पोटऱ्यांवर मिठाच्या पाण्याचे जुने चट्टे होते, ते ती झाकत नसे. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत. तिचा भाऊ आखातात गेलेला, त्यानं भाच्यासाठी टीव्ही गेम पाठवला. भाचा तेव्हा जेमतेम बसायला लागला होता.

“मामाला वाटला भाचा मोठा झाला असंल,” खालची डबा काखेत मारून वर आली. “हा मोठा होईस्तवर ह्यो गंजून जाईल. तुझ्याकडं रंगीत टीव्ही हाय ना गो? लावून बघूया.”

डब्याबरोबर दोन रिमोट आणि काही कॅसेटी होत्या. एकीत विमानं पाडायची, एकीत एक माणूस भिंतींवरून उड्या मारायचा. आठवडाभरात आम्हाला दोन्हींचा कंटाळा आला. तिसरी कॅसेट लावली आणि पडद्यावर एक नकाशा उघडला. डोंगर, नदी, रस्ते, आणि रस्त्यावर सापशिडीसारखी घरं. बटण दाबलं की फासा फिरायचा, पडेल तेवढी घरं आपला गडी चालायचा. पण हा गडी सोंगटीसारखा मुका नव्हता. त्याला तलवार घेता यायची, चिलखत घेता यायचं, रस्त्यात राक्षस आडवा आला तर लढता यायचं. राक्षसाला मारलं की ते गाव आपलं. मग तो गडी हळूहळू तगडा होत जायचा. शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त गावं आणि खजिना, तो जिंकला.

सगळी अक्षरं परकी. इंग्रजीसुद्धा नाही. बाईंची शाळा सकाळची असे, त्या दुपारी आवाज ऐकून डोकावल्या आणि तिथेच खुर्चीच्या कडेवर टेकल्या. दोनतीन दिवस नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, “ती चंद्रासारखी खूण आली की तुमची ताकद कमी होते. तुम्ही दर वेळी तिथेच जाताय.” खालचीनं रिमोट त्यांच्या हातात दिला. तेव्हापासून आम्ही तिघी, दोन रिमोट आपसांत फिरवत.

खेळायला चार गडी लागत. चौथा यंत्र स्वतः चालवायचं. तो नेमका नको तिथे टपकायचा, फुकटचं खायचा आणि निघून जायचा, म्हणून खालचीनं त्याचं नाव ‘भावोजी’ ठेवलं.

दोघींची लढाई लागली की दोघींनी गुपचूप बटण दाबायचं: वार, ढाल की जादू. समोरचीनं काय दाबलं ते आधी कळलं तर लढाईत अर्थच नाही. म्हणून रिमोट पदराखाली घ्यायचा. पदराखाली अंगठा चालायचा आणि दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघत बसायच्या. बाई तर अशा निर्विकार बघायच्या, जणू वर्गात पाढे म्हणून घेताहेत. त्यांच्याकडून फसलो नाही असा दिवस क्वचित गेला. त्या जादू साठवायच्या, कोपऱ्यात राहायच्या, आणि डाव संपत आला की बाहेर पडायच्या. खालची पहिल्या फाशापासून अंगावर यायची.

आणि मी हरायचे.

माझं हरणं मला कळतही नव्हतं. आमच्या घरी मी आणि माझा धाकटा भाऊ कॅरम खेळायचो, पत्ते खेळायचो, आणि मी जिंकायला आले की आई स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यानं खुणावायची. “पोरीच्या जातीनं थोडं हरून घ्यावं,” ती नंतर समजावायची. “तो हिरमुसतो. तुझं काय जातंय?” मग राणी भोकाजवळ असताना माझा नेम चुकायचा. इतकी वर्षं चुकवल्यावर तो आपोआपच चुकायला लागला.

एका दुपारी खालचीचा गडी जखमी होऊन माझ्या शेजारच्या घरात उभा होता. माझी तलवार नवी. एक वार आणि तिची तीन गावं माझी. तिनं सकाळपासून बाळाच्या तापात काढलेलं, चेहरा उतरलेला. मी पदराखाली ढाल दाबली. ती वाचली, पुढच्या फेरीत तिनंच मला पाडलं.

तिनं रिमोट खाली ठेवला.

“तू मुद्दाम हरलीस व्हय?”

“नाही गं, चुकून दाबलं.”

“चुकून नाय. मी बघतेय किती दिस. हातात घास आला की तू तोंड मिटतेस.” ती उठून उभीच राहिली. “माझ्याशी असला खोटा खेळ नको करूस गो. सासरी गेलं की सासू दया करते, जाऊ दया करते, मिठागरातली पोर म्हणून. तुझी पन दयाच खायची तर मी वर कशाला येऊ?”

बाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी मी खेळायला बसले ती वेगळी बसले. फासा पडला, मी सरळ खालचीच्या गावावर चालून गेले. एक घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्यापाशी तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, मी बघितलं आणि वार दाबला. तिचा गडी आडवा झाला. पडद्यावर यंत्र विचारत होतं, हिचं काय करायचं? मी गाढवाचे कान घातले.

खालची तशीच उठली, झोळीतलं बाळ उचललं आणि खाली गेली. मग कितीतरी दिवस ती वर आली नाही. नळावर भेटली तरी बादलीकडे बघायची.

नवरा हसला. “खेळावरून भांडलात? लहान आहात काय?”

“परवा क्रिकेटवरून तुम्ही तुमच्या सुपरवायझरशी बोलायचं टाकलं होतंत,” मी म्हटलं. “तेव्हा मी हसले होते का?”

त्यानं पेपर डोळ्यासमोर धरला.

आणि मग एका दुपारी जिन्यात पैंजण वाजले. खालची दारात उभी, कडेवर बाळ. “लाव,” ती म्हणाली. “त्या कानांचा बदला घेतल्याशिवाय मला झोप लागायची नाय.” त्या डावाइतकी मजा मला त्याआधी कशातच आली नव्हती. ती माझ्यावर चालून येत होती आणि मला बरं वाटत होतं, कारण ती खरोखरच चालून येत होती.

आता आमचा आवाज वाढला. “मार तिला!” “लूट तिचं गाव!” “बाई, तुम्ही असं कराल वाटलं नव्हतं!” नवऱ्याची रात्रपाळी असली की तोंडात पदर कोंबून खेळायचो, एरवी मोकळं रान. डाव एका दुपारी संपायचा नाही आणि त्या डब्याला आठवण अशी नव्हतीच, बंद केला की सगळं पुसलं. म्हणून संध्याकाळी टीव्हीची वायर काढून बातम्या लावायच्या आणि डबा तसाच चालू ठेवायचा, वर रुमाल टाकून. आमची राज्यं रुमालाखाली जागी असायची.

बोभाटा व्हायचाच होता. घरमालकांना बाजारात कुणीतरी विचारलं म्हणे, तुमच्या माडीवर जुगाराचा अड्डा आहे का? बायका मारा-लुटा ओरडतात. काका वर आले ते दाराबाहेरच थांबले.

“सूनबाई, हे काय चाललंय? अब्रूदार वस्ती आहे ही.”

“खेळतो काका.”

“खेळायचं वय आहे का तुमचं? दुपारी जमायचंच असेल तर भजन करा. महिला मंडळ काढा, सतरंजी मी देतो.” मग बाईंकडे वळले. “आणि तुम्ही तर शिक्षिका.”

“शाळा सुटल्यावर मी शिक्षिका नसते,” बाई म्हणाल्या. आवाज न चढवता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो डाव आला. आठवडाभर चाललेला, शेवटाला आलेला, आणि तिघी अशा बरोबरीत की कोण जिंकणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. दुपारी टीव्ही लावला आणि पडदा विझला. पंखाही थांबला. लाइट गेली म्हणून आम्ही गप्पा मारत बसलो. खालची बाळाला बघायला खाली गेली आणि धावत परत आली.

“लाइट नाय गेली. काकांचा पंखा फिरतोय. जिन्याखाली बोर्डावर आपला फ्यूजच नाय.”

काकांनी तो काढून खिशात घातला होता. दुपारपुरता. संध्याकाळी नवरे घरी यायच्या वेळेला परत बसवला. दुसऱ्या दिवशीही तसंच. आणि रुमालाखालची आमची राज्यं गेली ती गेलीच.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “बघतो,” आणि बघितलं नाही. “घरमालकाशी वाकडं कशाला घ्यायचं? थोडे दिवस बंद ठेवा ना.” वाईट नव्हता तो. त्याला फक्त ते खरंच काही महत्त्वाचं आहे असं वाटत नव्हतं.

“रविवारी पेणला जाऊया,” मी दोघींना म्हटलं. “माझ्या माहेरी. तिथल्या फ्यूजला कुणी हात लावत नाही.”

भाजीच्या पिशवीत डबा, वर कोथिंबिरीची जुडी, अशा आम्ही सकाळच्या पॅसेंजरने निघालो. बाळ खालचीच्या मांडीवर. नागोठणं गेलं, कासूला गाडी थांबली तेव्हा खालचीनं खिडकीतून हात बाहेर काढून लांबवर पांढरे ढीग दाखवले. “ती आमची मिठागरं. तिथं मी बाबापेक्षा जास्त पाट्या वाहायची. पन मजुरी घ्यायला बाबाच जायचा.” गाडी हलली.

रामवाडीच्या घरी आईनं पोहे केले, बाळाला तेल लावलं, आणि टीव्हीच्या मागे मी वायर खुपसायला लागले तेव्हा तिच्या कपाळावर आठी आली. पण पाहुणे होते म्हणून ती दाराशी तांदूळ निवडत बसली. डाव रंगात आला आणि माझा भाऊ आला. कॉलेज संपवून नुकताच नोकरीला लागलेला, अंगात नवा शर्ट.

“व्हिडिओ गेम? तुम्ही?” तो हसला. “सरक ताई, दाखवतो तुम्हाला कसं खेळतात.”

“भावोजींची जागा तुम्हाला देऊ,” बाई म्हणाल्या. “नव्यानं डाव मांडू. बसा.”

तो बसला. नियम समजून घ्यायचीही त्याला गरज वाटली नाही. सुरुवातीला फासे त्याच्या बाजूनं पडले, त्यानं पटापट चार गावं घेतली, मोठी तलवार घेतली आणि आईकडे बघून भुवया उडवल्या. आई खूश. मग तो माझ्या रस्त्यात आला. मी रिमोट पदराखाली घेतला आणि सहज वर बघितलं. आईच्या हातातलं सूप थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिनं डोळ्यानं तीच खूण केली.

अंगठा क्षणभर ढालीवर गेला, खोटं कशाला सांगू. खालची माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. मी वार दाबला.

त्याची तलवार माझी झाली. “अरे, नशीब!” तो म्हणाला. पुढच्या फेरीत खालचीनं त्याची दोन गावं घेतली. त्याच्या पुढच्या फेरीत बाईंनी तोवर आमच्यापैकी कुणावरच न वापरलेली एक जादू त्याच्यावर सोडली. नवा शर्ट घामानं पाठीला चिकटला. त्याचं शेवटचं गाव राहिलं होतं तेव्हा मी परत त्याच्या समोर आले. तो हळूच म्हणाला, “ताई, सोड ना.”

“का?”

त्यानं आईकडे बघितलं. मी गाव घेतलं आणि कान घातले.

तो बाहेर निघून गेला, चप्पल आपटत. आई सूप घेऊन आत गेली. मी मागोमाग गेले तर ती ओट्याकडे तोंड करून उभी.

“भावाशी असं करतात का? परक्या बायकांसमोर?”

“हरला तो, आई. मी त्याला मारलं नाही.”

“पूर्वी अशी नव्हतीस.”

“नव्हते,” मी म्हटलं. “आता आहे. आणि त्याला खेळायचं असेल तर परत येऊ दे, मी परत खेळेन. पण हरून घेणार नाही. त्याच्यासाठी नाही, कुणासाठीच नाही.”

आईनं चहाचं आधण ठेवलं. साखर घालताना म्हणाली, “तुझ्या बाबांशी मी सारीपाट खेळायची लग्न झाल्यावर.” मग चहा तिनं आम्हा तिघींना आधी दिला, भावासाठी झाकून ठेवला.

परतीच्या गाडीत खालची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. “आता त्या काकाचं काय करायचं?” तिनं विचारलं.

“बसायचं,” बाई म्हणाल्या.

“कुठं?”

“फ्यूजपाशी.”

सोमवारी दुपारी फ्यूज गायब होताच आम्ही तिघी खाली उतरलो आणि जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर बसलो. तिथून काकांचं दार दोन हातांवर, आणि दुपारची झोप ते दाराजवळच्या खाटेवर घेत. आम्ही भांडलो नाही, काही मागितलं नाही. नुसतं बोलत बसलो, घरी बसून बोलावं तसं. कुणाचं गाव कसं लुटायला हवं होतं, कोणाची जादू कुठे वाया गेली. खालचीचं बाळ जिन्यावर वाटी आपटत होतं. काका बाहेर आले.

“इथे काय?”

“वर उकडतंय काका,” खालची म्हणाली. “पंखा बंद हाय ना.”

“नवऱ्यांना सांगू का तुमच्या?”

“सांगा,” मी म्हटलं. “मी सांगितलंय आधीच.”

ते आत गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही परत बसलो. तिसऱ्या दिवशी बाईंनी पेपर तपासायला आणले. समोरच्या घरातल्या दोघी चौकशीला आल्या, त्यांना आम्ही सगळं खरं सांगितलं. त्यातली एक म्हणाली, “मीटर तुमचं वेगळं आहे ना? मग ह्यांना काय अधिकार?” हे ती काकांच्या दाराकडे तोंड करून म्हणाली.

त्या आठवड्यात एका दुपारी दार उघडलं आणि मालकीणकाकू बाहेर आल्या. हातात फ्यूज. त्यांनी टाचा उंचावून तो स्वतःच बोर्डावर बसवला, खट्कन. आतून काका काहीतरी म्हणाले. काकू वळून म्हणाल्या, “सुखानं झोपा नि मला पण झोपू द्या. त्या वर ओरडतात ते बरं, इथे कानाशी बोलतात ते नको.” मग आमच्याकडे बघून, “जा गो वर. आणि संध्याकाळी फुलं तोडायला या कुणीतरी, माझे गुडघे धरलेत.”

फ्यूज परत गेला नाही. काका आमच्याशी बरेच महिने बोलले नाहीत, आमचं त्यावाचून काही अडलं नाही. नवऱ्याला मी एवढंच म्हटलं, की तुम्ही ‘बघतो’ म्हणालात, मी बघितलं. त्यानं विचारलं, “मला शिकवशील?” शिकवलं. त्याला लढाईत डोळ्यांत बघणं कधीच जमलं नाही, तो हसायचा.

आम्ही दोनेक वर्षं खेळलो. मग बाईंची बदली महाडच्या बाजूच्या एका गावात झाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं तेव्हा वर आमचा डाव अर्धा होता. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, “बाई, राहू दे, तुम्हाला उशीर होईल.”

“थांबू दे त्याला,” बाई म्हणाल्या. “फासा टाका.”

त्यांच्याकडे एकच गाव उरलं होतं. खालचीचा गडी त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. खालचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, एका हातानं ती नाक पुसत होती, दुसरा हात पदराखाली. बाईंनी तिच्या डोळ्यांत बघितलं, नेहमीसारखंच निर्विकार. खालची रडत रडतच त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिनं वार दाबला.

बाईंचं शेवटचं गाव गेलं. खालचीनं कान घातले.

“शाब्बास,” बाई म्हणाल्या, आणि चप्पल घालून खाली उतरल्या.